चार दुकानं, एक टॅली: लातूरच्या एका कृषी निविष्ठा पेढीचं व्हीपीएन प्रकरण

पार्श्वभूमी

बी-बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं ठोक विकणारी ही पेढी लातूरची. मुख्य दुकान लातूरला, शाखा उदगीर, अंबाजोगाई आणि नांदेडला. नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, माझ्या चुकांसकट. मी पेढीचा नोकर नाही. या भागात नेटवर्कची कामं घेतो, आणि या कामाची जबाबदारी माझी होती.

प्रत्येक शाखेत वेगळी टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, होती. रात्री शटर ओढण्याआधी शाखेतला माणूस बॅकअप काढायचा. फार पूर्वी तो पेनड्राइव्ह पाकिटात घालून उदगीर-लातूर एसटीच्या कंडक्टरकडे दिला जायचा, पुढे मेलवर यायला लागला. लातूरला मुनीमकाका सोमवारी सकाळी सगळ्या शाखांचे आकडे एकत्र करायला बसायचे. म्हणजे चारही ठिकाणचा साठा आणि उधारी एकत्र दिसायची ती आठवड्यातून एकदा, तीही शिळी.

हिवाळ्यात हे खपून जायचं. जूनमध्ये नाही. पहिला चांगला पाऊस झाला की दोन-चार दिवसांत तालुक्यातले सगळे दुकानदार एकदम दारात येतात. उदगीरला सोयाबीनच्या एमएयूएस-७१ वाणाच्या पिशव्या संपल्या म्हणून गिऱ्हाईक परत जायचं आणि त्याच वाणाच्या पिशव्या अंबाजोगाईच्या गोदामात पडून असायच्या. त्याहून वाईट म्हणजे उधारी. देगलूरकडचा एक दुकानदार उदगीरहूनही माल उचलायचा आणि नांदेडहूनही. दोन्हीकडे त्याची मर्यादा वेगवेगळी धरलेली, दोन्हीकडे तो मर्यादेच्या आतच. बेरीज केली तेव्हा मालकांनी डोक्याला हात लावला.

यावर तोडगा म्हणून कुणीतरी लातूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉप (दूरच्या संगणकाचा पडदा इथून वापरायची सोय) चालू करून दिलं आणि त्यासाठी राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचं दार, म्हणजे पोर्ट, बाहेरच्या जगासाठी उघडून ठेवलं. शाखेतून थेट लातूरची टॅली दिसायला लागली. दीड वर्ष सगळे खूश होते.

काय बिघडलं

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी मुनीमकाकांनी संगणक लावला, तर टॅलीच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावापुढे कधी न पाहिलेली अक्षरं चिकटलेली. डेस्कटॉपवर एक चिठ्ठी: पैसे द्या, चावी घ्या. बॅकअपची बाहेरची डिस्क त्याच संगणकाला कायम लावून ठेवलेली होती, त्यामुळे तीही गेली.

३३८९ इंटरनेटवर उघडा ठेवला की त्यावर दिवसरात्र स्वयंचलित प्रोग्रॅम पासवर्ड लावून बघत असतात. हे काही गुपित नाही. मे २०१९ मध्ये तर ब्लूकीप नावाची अशी त्रुटी बाहेर आली होती की जुन्या विंडोजवर पासवर्डचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टनं तेव्हा पाठिंबा संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली होती. इथं एवढ्या कौशल्याची वेळच आली नाही. पासवर्ड होता पेढीचं नाव आणि पुढे १२३.

वाचवलं ते मुनीमकाकांच्या एका सवयीनं. दर शनिवारी ते टॅलीचा बॅकअप एका पेनड्राइव्हवर घेऊन घरी न्यायचे आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायचे. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सोमवार ते बुधवार अशा तीन दिवसांच्या नोंदी कागदी बिलांवरून पुन्हा घालाव्या लागल्या, तेवढ्यावर भागलं. खंडणी दिली नाही.

इथं एक गोष्ट आमच्याकडून राहिली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. आम्ही कळवलं, पण दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी सगळ्यांचं लक्ष फाइली परत मिळतात का याकडेच होतं.

पोर्ट बंद केला, आणि शाखा पुन्हा मेलवर आल्या. मालकांनी मला बोलावलं ते मार्चमध्ये. प्रश्न त्यांनी एका वाक्यात मांडला: "दार बी नको आणि भिंत बी नको, असं काही हाय का?"

कोणकोणते मार्ग होते

पहिला मार्ग: टॅली क्लाउडवर नेणं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर जागा भाड्यानं घ्यायची, चारही दुकानांनी तिथं जायचं. मालक नको म्हणाले. "आपली वही दुसऱ्याच्या घरी कशाला?" हे त्यांचं कारण, आणि माणशी दरमहा भाडं हे मी जोडलेलं कारण. आज मागं वळून बघताना वाटतं, हा मार्ग आम्ही भावनेवर सोडला. तीन वर्षांच्या खर्चाचा तक्ता मी तेव्हा मांडला नाही. मांडला असता तर फरक आम्हाला वाटला त्यापेक्षा बराच कमी निघाला असता, कारण पुढे लातूरच्या सर्व्हरवर जो खर्च झाला तो या तुलनेत धरलेलाच नव्हता.

दुसरा: लीज्ड लाइन, म्हणजे फक्त आपल्यासाठी भाड्यानं घेतलेली लाइन. नांदेड-लातूरसाठी भाव मागवला, आकडा ऐकून विषय तिथंच संपला.

तिसरा: एनीडेस्कसारखं काहीतरी. एकाच्या पडद्यावर दुसरा बसणार. नांदेडचा माणूस बिल करतोय तोवर लातूरच्या माणसानं हात बांधून बसायचं. हंगामात अशक्य.

चौथा: व्हीपीएन. इंटरनेट तेच, घरगुती फायबरचंच, पण दोन राउटरच्या मध्ये जाणारं माहितीचं प्रत्येक पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून सीलबंद करायचं. बाहेरच्या पाकिटावर फक्त दोन राउटरचे पत्ते. आतलं बिल, उधारी, साठा वाटेत कुणाला वाचता येत नाही. या सीलबंद वाटेलाच टनेल म्हणतात. आणि लातूरचा राउटर ज्याच्याकडे ओळखीची चावी नाही त्याला उत्तरच देत नाही. दार आहे हेसुद्धा बाहेरून कळत नाही. मालकांच्या प्रश्नाला हे उत्तर बसत होतं.

मालकांच्या थोरल्या मुलानं एक शंका काढली: सरकारनं व्हीपीएनवर बंधनं आणली आहेत ना? त्यानं वाचलेलं खरंच होतं. त्याच २०२२ च्या निर्देशांत व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी असं आहे. पण ते सामान्य लोकांना सेवा विकणाऱ्या कंपन्यांसाठी. स्वतःच्या कार्यालयांसाठी उभारलेलं व्हीपीएन त्यात येत नाही, असा खुलासा नंतर झालेला आहे.

मग कोणतं व्हीपीएन? जुन्या राउटरमध्ये पीपीटीपी हा जुना प्रकार तयार होता, फुकट होता. त्याला हात लावला नाही. त्याची पासवर्ड-पद्धत २०१२ मध्येच उघडी पडली आहे. आयपीसेक भक्कम आहे, मोठ्या कंपन्या तेच वापरतात, पण दोन्ही टोकांची सेटिंग तंतोतंत जुळावी लागते आणि जुळली नाही तर चूक शोधताना रात्र जाते. ओपनव्हीपीएन ओळखीचं होतं, पण स्वस्त राउटरवर दमतं. आम्ही वायरगार्ड घेतलं. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे, सेटिंग पानभराची, आणि तेव्हा सहा-सात हजारांच्या आत मिळालेल्या मायक्रोटिक राउटरवर सातव्या आवृत्तीपासून चालतं. चार ठिकाणी चार राउटर लागले.

पत्ता कुणाकडे आहे

राउटर विकत घेण्याआधी मी चारही ठिकाणी एकच गोष्ट बघितली. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि "माझा आयपी काय" असं इंटरनेटला विचारल्यावर मिळणारा पत्ता एकच आहे का? अंबाजोगाईला फायबर नव्हतं, फोर-जीचा राउटर होता. त्याच्या पानावर पत्ता १०० नं सुरू होणारा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवलेत: कंपनीकडे खरे पत्ते कमी, म्हणून अनेक गिऱ्हाइकांना एकाच खऱ्या पत्त्यामागं बसवायचं. एखाद्या मोठ्या वाड्यात शंभर बिऱ्हाडं आणि टपालाला पत्ता फक्त वाड्याचा. आतला माणूस पत्र पाठवू शकतो, पण बाहेरून थेट त्याच्या खोलीत कुणी पत्र टाकू शकत नाही. उदगीरचं फायबरही तसंच निघालं.

इथं पहिला खरा निर्णय झाला. प्रत्येक दुकान प्रत्येक दुकानाशी जोडायचं माझ्या डोक्यात होतं, ते सोडलं. फक्त लातूरला स्थिर पत्ता घ्यायचा, आणि तिन्ही शाखांनी स्वतःहून लातूरला हाक मारायची. मग शाखेचा पत्ता कुठल्या का वाड्यात असेना. फक्त दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवत राहायचं, म्हणजे वाड्याचा पहारेकरी परतीची वाट विसरत नाही.

घराचे नंबर सारखेच

आता ज्याला मी एक दिवस धरला होता आणि ज्यानं तीन रविवार खाल्ले ते काम.

चारही दुकानांत राउटर आला तसा लावलेला. म्हणून चारही ठिकाणी आतले पत्ते १९२.१६८.१ चे. लातूरच्या टॅलीचा संगणक १९२.१६८.१.१०, उदगीरच्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, तोही १९२.१६८.१.१०. उदगीरच्या संगणकाला १९२.१६८.१.१० शी बोलायचंय म्हटल्यावर तो शेजारच्या डीव्हीआरलाच विचारणार, टनेलकडे वळणारच नाही. गल्ल्या जोडायच्या तर घरांचे नंबर वेगळे हवेत.

योजना साधी: लातूर १०.२०.१, उदगीर १०.२०.२, अंबाजोगाई १०.२०.३, नांदेड १०.२०.४. पाचवा आकडा परभणीसाठी राखला, कारण मालक दर दिवाळीला परभणीचं नाव काढायचे. कागदावर हे दहा मिनिटांचं काम होतं. संगणकांचे पत्ते बदलणंही सोपं. अडलं ते बाकीच्या डब्यांवर: डीव्हीआर, हजेरीचं बोटाचं मशीन, लेबल छापणारा प्रिंटर, वजनकाट्याला जोडलेला एक जुना संगणक. नांदेडच्या हजेरीच्या मशीनचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. बसवणारा माणूस पुण्याला गेलेला. शेवटी ते मशीन पुसून नव्यानं बावीस जणांची बोटं घेतली. हमाल मंडळींपैकी दोघांचे ठसे मशीन घेईना. पोती उचलून बोटं गुळगुळीत झालेली. तिसऱ्या प्रयत्नात अंगठ्यावर काम भागलं.

पहिल्या दिवशी फक्त राउटर न बघता प्रत्येक दुकानात फिरून भिंतीवरचा प्रत्येक डबा वहीत उतरवला असता तर एक रविवार नक्की वाचला असता.

टनेल लागलं, टॅली अडलं

उदगीरचं टनेल एप्रिलच्या मधल्या आठवड्यात लागलं. पंधरा मिनिटांत. पिंग, म्हणजे पोच तपासायची हाक, गेलं, आलं, ३५ मिलिसेकंद. मी लातूरच्या संगणकावरचं टॅलीचं फोल्डर शेअर केलं, उदगीरच्या टॅलीला त्या फोल्डरचा रस्ता दाखवला आणि चहाला गेलो. माझ्या मते काम झालं होतं.

चहा अर्धा झाला नव्हता तेव्हा फोन आला. "सर, टॅली उघडंना झालंय. नुसतं फिरूलालंय."

ही चूक माझी, आणि ती बरेच जण करतात म्हणून नीट लिहितो. एका दुकानातल्या वायरवर टॅलीचं फोल्डर शेअर केलेलं असतं तेव्हा टॅली एक खातेवही उघडायला शेकडो, कधी हजारो बारीक बारीक फेऱ्या मारते: हा तुकडा दे, आता तो दे. दुकानातल्या वायरवर एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची. समजा दोन हजार फेऱ्या झाल्या, तर एक सेकंद. त्याच दोन हजार फेऱ्या ३५ मिलिसेकंदांनी गुणल्या तर सत्तर सेकंद. लाइनचा वेग शंभर एमबीपीएस असो की तीनशे, यात काही फरक पडत नाही. वेळ जातो तो येण्याजाण्यात. लातूर-उदगीर रस्त्यानं पासष्टेक किलोमीटर, पण पाकीट मुंबईला जाऊन परत येत होतं. आणि मधेच लाइन तुटली तर अर्धवट लिहिलेली फाइल बिघडते, ते वेगळंच.

म्हणजे व्हीपीएन नीट चाललं होतं. त्यावरून काय न्यायचं हे मी चुकीचं ठरवलं होतं. टॅलीची फाइल टनेलमधून न्यायची नाही. फाइल आणि टॅली दोन्ही लातूरलाच राहू द्यायच्या, आणि टनेलमधून फक्त पडदा, कीबोर्ड आणि माउस न्यायचा. थोडक्यात, पुन्हा तेच रिमोट डेस्कटॉप. ज्यानं फेब्रुवारीत घात केला तेच, फक्त आता बाहेरच्या जगाला न दिसणारं.

पण एका संगणकावर एकाच वेळी आठ-नऊ जण बसायचे म्हणजे साधं विंडोज चालत नाही. विंडोज सर्व्हर लागतं, प्रत्येक माणसामागं रिमोट डेस्कटॉपचा वेगळा परवाना लागतो, बरी रॅम असलेलं मशीन लागतं आणि टॅलीही एका माणसासाठीची सिल्व्हर चालत नाही, अनेकांसाठीची गोल्ड लागते. चार राउटरच्या एकूण किमतीच्या कितीतरी पट हा आकडा होता, आणि तो मी मार्चमध्ये सांगितला नव्हता.

मी पेढीवर गेलो. मालक गादीवर बसून बियाण्याच्या कंपनीच्या माणसाशी बोलत होते. तो जाईपर्यंत थांबलो आणि म्हणालो, "मालक, एक खर्च आधी सांगायचा राहिलाय." त्यांनी आकडा ऐकला, चष्मा काढला. "म्हंजे रस्ता केला आपण, आता गाडी घ्या म्हणूलालास." मी हो म्हणालो. मुनीमकाकांनी मध्ये तोंड घातलं, "घ्या मालक. फेब्रुवारीत मी तीन दिवस बिलं घातलीत." त्या वाक्यावर खर्च मंजूर झाला, माझ्या मांडणीवर नाही.

छपाईचं एक किरकोळ प्रकरण उरलं. पडदा लातूरचा, पण बिल उदगीरच्या डॉट मॅट्रिक्सवर निघायला हवं. पहिलं बिल चित्र म्हणून जात होतं, एका पानाला मिनिटभर. टॅलीत डॉट मॅट्रिक्सचा साधा मजकुराचा नमुना निवडला आणि प्रिंटरला नुसत्या मजकुराचा ड्रायव्हर दिला. खडखडाट पूर्ववत.

अंबाजोगाईचं कोडं

अंबाजोगाईला वेगळंच. टनेल जोडलेलं दिसतंय, पिंग जातंय, पासवर्डाची चौकट येतेय, आणि पुढे पडदा काळा. बारीक पाकिटं जात होती, मोठी अडत होती.

वायरगार्ड प्रत्येक पाकिटावर स्वतःचं ६० बाइटचं वेष्टन चढवतं. आतलं पाकीट १४२० पर्यंतचं धरलेलं, म्हणजे बाहेरचं १४८०. फायबरवर ते मावतं. त्या फोर-जीच्या वाटेवर मावत नव्हतं. विंडोजच्या पिंगमध्ये तुकडे करू नको असं सांगून आकार कमी-कमी करत गेलो. १३८२ ला उत्तर आलं. त्यात पिंगच्या पाकिटाच्या डोक्यावरच्या पत्त्या-नोंदींचे २८ मिळवले की १४१०. त्यातून वेष्टनाचे ६० वजा केले तर १३५०. थोडी जागा हातात राखून टनेलमधल्या पाकिटाचा कमाल आकार १३०० केला आणि त्यातल्या मजकुराची मर्यादा (टीसीपीचा एमएसएस) १२६० वर बांधली. पडदा लगेच उजळला. हे निदान करायला चार तास गेले, दुरुस्तीला चार मिनिटं लागली नाहीत.

उघडं राहिलेलं आतलं दार

मेच्या सुरुवातीला तिन्ही शाखा जोडल्या गेल्या आणि मी पुढच्या कामाला लागलो. आत कोण कुणापर्यंत पोचू शकतो याचे नियम "नंतर बघू" म्हणून ठेवले होते. सगळं सगळ्यांना खुलं.

अकराव्या दिवशी लातूरच्या काउंटरवर उदगीरचं डिलिव्हरी चलन छापून निघालं. गडी माल काढायला गोदामात गेलासुद्धा. उदगीरच्या नव्या मुलानं प्रिंटरच्या यादीतलं पहिलं नाव निवडलं होतं, आणि यादीत चारही दुकानांचे प्रिंटर दिसत होते. सगळे हसले. मला मात्र घाम फुटला. प्रिंटर दिसतो म्हणजे सगळंच दिसतं. नांदेडच्या एखाद्या संगणकात पेनड्राइव्हवरून काही शिरलं असतं तर ते त्या अकरा दिवसांत थेट लातूरच्या सर्व्हरपर्यंत चालत गेलं असतं. फेब्रुवारीत बाहेरून आलेला चोर या वेळी आतल्या दारानं आला असता, एवढाच फरक.

त्याच रात्री नियम लावले. शाखेतून लातूरच्या एकाच संगणकावरच्या एकाच पोर्टला परवानगी. शाखा ते शाखा बंद. डीव्हीआर आणि हजेरीचं मशीन टनेलमध्ये नकोच. अपवाद एकच: मालकांना घरून चारही दुकानांचे कॅमेरे बघायचे होते, त्यांच्यासाठी वेगळी चावी. हे काम टनेलच्या आधी करायचं असतं: सगळं बंद ठेवायचं आणि लागेल तेवढंच उघडायचं. मी उलटं केलं आणि अकरा दिवस नशिबावर काढले.

वीज गेली की घड्याळ जातं

मेच्या शेवटी वळवाच्या पावसात उदगीरची वीज गेली, तासाभरानं आली. इंटरनेट आलं, टनेल आलं नाही. मी लातूरला बसून उदगीरच्या मुलाला फोनवर सांगतोय, राउटर बंद कर, चालू कर. काही नाही. दुपारपर्यंत हातबिलं फाडली.

कारण सापडलं तेव्हा स्वतःवरच हसू आलं. वायरगार्ड दर वेळी ओळख पटवताना वेळेचा शिक्का पाठवतं. आधीच्यापेक्षा जुना शिक्का आला तर समोरचा ते पाकीट टाकून देतो, म्हणजे कुणी जुनं पाकीट चोरून पुन्हा वाजवू नये. या स्वस्त राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज गेली की तो जुनीच वेळ घेऊन उठतो, आणि लातूर म्हणतं, ही हाक शिळी आहे. इंटरनेटवरून वेळ घेतली की प्रश्न मिटतो. पण मी शहाणपणा करून सगळ्या शाखांना वेळ लातूरच्या सर्व्हरकडून घ्यायला सांगितली होती. वेळ मिळायला टनेल हवं, टनेल लागायला वेळ हवी.

शाखांची वेळ थेट इंटरनेटवरून, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरकडून घ्यायला लावली. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवा असंही सांगितलेलं आहे. मी ते कलम केवळ कागदी समजून पुढं गेलो होतो. शिवाय उदगीरला राउटर इन्व्हर्टरवर होता, पण फायबरचा डबा साध्या बोर्डावर. दोन्ही एकाच ठिकाणी घेतले.

हंगाम आणि त्यानंतर

जूनमध्ये उदगीरच्या काउंटरवरून अंबाजोगाईचा साठा दिसायला लागला. देगलूरकडच्या दुकानदाराला नांदेडला सांगितलं गेलं की उदगीरची बाकी भरल्याशिवाय माल निघणार नाही. तो चिडला, दोन दिवसांनी पैसे घेऊन आला. मुनीमकाकांचं सोमवारचं काम संपलं. त्यांना ते सुरुवातीला फारसं आवडलं नाही, असं माझं निरीक्षण आहे. आकडे जुळवणं ही त्यांची हुकमत होती.

सगळं सुरळीत नाही. अंबाजोगाईला संध्याकाळी सहा ते आठ फोर-जीवर गर्दी होते, पडदा तुटक येतो आणि काही दिवशी अजूनही हातबिलं फाडावी लागतात. लातूरची लाइन किंवा सर्व्हर बंद पडला तर चारही दुकानं एकदम बंद. ही नवी जोखीम आम्ही स्वतः तयार केली आहे. लातूरला दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली, पण स्थिर पत्ता एकाच लाइनवर आहे, त्यामुळे पहिली तुटली की शाखांचे राउटर हातानं वळवावे लागतात. हे अर्धवट काम माझ्या यादीत आहे. आणि उदगीरचा तो मुलगा ऑगस्टमध्ये नोकरी सोडून गेला तेव्हा त्याच्या लॅपटॉपची चावी रद्द व्हायला तीन आठवडे लागले. मला कुणी कळवलंच नाही. आता पगाराच्या यादीतून नाव कमी झालं की मुनीमकाका मला फोन करतात. त्यासाठी संगणकाची कुठलीही सोय नाही, त्यांच्या वहीत तशी एक ओळ आहे.

चारही राउटरच्या सेटिंगची छापील प्रत आणि चाव्या सीलबंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत ठेवल्या आहेत. मी उद्या गाडीखाली आलो तर दुसऱ्याला काम करता यावं म्हणून. शनिवारचा पेनड्राइव्ह अजून देव्हाऱ्याखाली जातो. तो बंद करा असं मी सुचवलेलं नाही, उलट दुसरा घेऊन दिला, आलटून पालटून वापरायला.

मागच्या महिन्यात थोरल्या मुलाचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. परभणीला मोंढ्याजवळ एक गाळा बघितला होता, डिपॉझिट द्यायचं होतं. फोटो गाळ्याचा नव्हता. शेजारच्या दुकानातल्या राउटरच्या पानाचा होता, आणि पत्त्याच्या सुरुवातीला त्यानं लाल गोल केलेला: १००. खाली प्रश्न, "चालतंय का?"

चालतंय, मी लिहिलं. पण आज संध्याकाळी सात वाजता तिथं उभं राहून लातूरला पिंग करा, आणि मग डिपॉझिट द्या.